हैदराबादचे ऋतुमान

ऋतू सहा मानण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर ही नावे लहानपणीच आपल्या तोंडी बसतात, आणि संस्कृत काव्याच्या संस्कारामुळे ती मराठी वाङ्मयातही सहजपणे वावरतात. व्यवहारात मात्र मराठी माणूस उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनच ऋतू ओळखतो. आणि शेतकरी तर ऋतूंपेक्षा नक्षत्रांवरच अधिक भिस्त ठेवतो. या प्रत्येक गणनेच्या मागे कोणती ना कोणती भूमी उभी असते. मराठी साहित्यातील पावसाचे चित्र प्रामुख्याने कोकण, मावळ आणि सह्याद्रीचा घाटमाथा यांच्यावरून रेखाटले गेले. जी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत स्थायिक झाली, त्यांनी हे चित्र आणि त्याची शब्दसंपत्ती बरोबर आणली. परंतु त्यांच्या डोक्यावरचे आकाश निराळे होते. ते आकाश वर्षभर कसे वागते, तसे का वागते, आणि त्याची नीट ओळख न ठेवल्याने या नगराला काय सोसावे लागते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम स्थानाचा विचार करू. हैदराबाद विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसतरा अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या पुष्कळच दक्षिणेस आहे. अर्थात ते पूर्णपणे उष्ण कटिबंधात येते. येथील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडा अधिक आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून थोडा अधिक असतो. म्हणजे दोहोंतील अंतर अवघे दोन तासांचे. सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो : एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. केवळ सूर्याच्या उंचीवर तापमान ठरत असते, तर मे आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने सारखेच तापले असते. वस्तुतः मेमध्ये दुपारचे सरासरी तापमान ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर ऑगस्टमध्ये ते ३० अंशांवर उतरते. हा नऊ अंशांचा फरक सूर्याने केलेला नाही. तो ढगांनी केलेला आहे. उष्ण कटिबंधातील नगराचे वर्ष सूर्यापेक्षा वाऱ्यावर आणि ढगांवर अधिक अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

दुसरी गोष्ट उंचीची. नगर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. ही उंची थोडी वाटली, तरी तिच्यामुळे हवा तीनएक अंशांनी सौम्य होते, आणि समुद्र दूर असल्यामुळे तिच्यात कोरडेपणाही राहतो. मुंबईत किंवा पणजीत घामाने जीव नकोसा होतो, तो अनुभव हैदराबादेत जूनचे काही दिवस सोडले तर फारसा येत नाही.

वर्षाचा आरंभ आपण थंडीपासून करू. कार्तिकानंतर वारा ईशान्येकडून वाहू लागतो. तो जमिनीवरून येत असल्याने कोरडा असतो. आकाश निरभ्र होते. निरभ्र आकाशाखाली दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंश तापमान असले, तरी पहाटे ते १४-१५ अंशांपर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये दिवस आणि रात्र यांच्यातील अंतर आठ अंशांचे असते. जानेवारीत ते तेरा-चौदा अंशांचे होते. उष्ण प्रदेशात रात्र हाच हिवाळा होय, असे एक जुने भौगोलिक निरीक्षण आहे. येथील पौषातल्या पहाटेचा ज्याने अनुभव घेतला आहे त्याला ते तत्काळ पटेल. बेगमपेठ येथील वेधशाळेत ८ जानेवारी १९४६ रोजी ६.१ अंश एवढे नीचांकी तापमान नोंदले गेले. तथापि असे दिवस विरळा. एरवी ही थंडी सुखद असते, आणि मकरसंक्रांतीला पतंगांनी भरलेले आकाश ही तिची खूण असते.

शिशिर आणि वसंत यांच्यातील सीमारेषा हैदराबादेत शोधू गेल्यास हाती लागत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास थंडी निघून जाते आणि मार्चमध्ये उन्हाळा सुरू झालेला असतो. कडुनिंबाला मोहोर येतो, पळस फुलतो. परंतु हवेत वसंताची मृदुता नसते. एप्रिल आणि मे हे दोन महिने कडक उन्हाचे. जुन्या हवेल्यांतून जाड भिंती, उंच छते आणि वाळ्याचे ओले पडदे या उन्हाच्या प्रतिकारासाठीच असत. मधूनच एखाद्या संध्याकाळी धुळीचे लोट उठतात, विजा कडाडतात, कधी गाराही पडतात. आपण ज्याला वळवाचा पाऊस म्हणतो तो हाच. तापलेली हवा वर चढते, तिला समुद्राकडून आलेल्या ओलाव्याची जोड मिळते, आणि तासाभरात पडून जाणारा ढग तयार होतो. आंब्याच्या बागांचे त्याने नुकसान होते. माणसांना मात्र तो हवासा वाटतो.

उन्हाळ्याची परिसीमा मेअखेरीस होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात असताना दगडी उखळेदेखील तडकतात, अशा आशयाची म्हण तेलुगूत आहे. त्या म्हणीला वेधशाळेच्या नोंदीचा आधार मिळतो : बेगमपेठचे उच्चांकी तापमान ४५.५ अंश असून ते २ जून १९६६ रोजी, म्हणजे रोहिणीतच नोंदले गेले. पाऊस येण्यास आठ दिवस उशीर झाला, की उन्हाळा आपला शेवटचा आणि सर्वांत तीव्र तडाखा जूनमध्ये देतो.

त्यानंतर मृग. मराठी शेतकऱ्याचा मृग आणि तेलुगू शेतकऱ्याची मृगशिरा कार्ती एकच. दोघेही ७-८ जूनच्या सुमारास आकाशाकडे पाहू लागतात. हैदराबादेत या दिवसाला एक निराळे रूप आले आहे. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या रुग्णांची प्रचंड गर्दी लोटते, आणि त्यांना जिवंत माशाच्या तोंडातून औषधी प्रसाद दिला जातो. या उपचाराच्या वैद्यकीय गुणाविषयी डॉक्टरांना शंका आहे. परंतु ऋतुबदलाच्या नेमक्या उंबरठ्यावर, हवेत ओलावा येऊन श्वासाचे विकार बळावू लागतात त्या वेळी ही प्रथा पाळली जावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हैदराबादेत पोहोचतो. पण येथे कोकणातल्यासारखी पावसाची झड लागेल अशी कोणी अपेक्षा केल्यास त्याची निराशा होईल. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि आपल्या ओलाव्याचा मोठा भाग घाटमाथ्यावरच रिता करतात. पुढे पठारावर उतरणाऱ्या हवेत पाण्याचा अंश कमी उरतो. हैदराबाद पश्चिम किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. तोपर्यंत या शाखेचा जोर बराच ओसरलेला असतो. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढा, म्हणजे सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस हैदराबादला वर्षभरात मिळतो. त्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. दिवसेंदिवस ढगाळ हवा, पश्चिमेचा गार वारा, हलकी भुरभुर, मग पुन्हा कोरडे ऊन, असे जुलैचे स्वरूप असते. आषाढाचे जे मेघ मराठी वाचकाच्या मनात असतात, ते येथे पुष्कळदा नुसतेच वरून निघून जातात.

आता या नगराच्या हवामानातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळावयाचे आहे. हैदराबादला दोन समुद्र आहेत. पश्चिमेचा समुद्र दूर आहे. पूर्वेचा बंगालचा उपसागर त्यामानाने जवळ, सुमारे तीनशे किलोमीटरांवर आहे, आणि त्या बाजूस सह्याद्रीसारखी अखंड भिंत नाही. या उपसागरावर पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात. जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुधा उपसागराच्या उत्तर टोकाशी जन्मतात आणि ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश या मार्गाने वायव्येकडे सरकतात. हैदराबादला तेव्हा त्यांचा प्रसाद मिळतो तो अप्रत्यक्षपणे. परंतु सप्टेंबरच्या उत्तरार्धात मोसमी वारे परतीच्या वाटेवर असता ही क्षेत्रे अधिक दक्षिणेस तयार होऊ लागतात. मग ती आंध्रचा किनारा ओलांडून थेट तेलंगणाच्या पठारावर येतात. म्हणून मुंबई-कोकणात पाऊस आवरता घेत असतो, त्याच वेळी हैदराबादेत तो एका रात्रीत सारी कसर भरून काढू शकतो. सूर्य हस्त नक्षत्रात सप्टेंबरच्या अखेरीस येतो, चित्रात ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारास. पश्चिमेच्या पावसाची चाहूल घ्यावयाची तर मृगात घ्यावी; पूर्वेच्या पावसाकडे मात्र हस्त आणि चित्रा या नक्षत्रांतच सावधपणे पाहावयास हवे.

असा पाऊस ज्या भूमीवर पडतो ती भूमीही ध्यानात घेतली पाहिजे. मराठवाड्याची काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली आहे; ती पाणी धरून ठेवते. हैदराबाद मात्र सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटवर वसलेले आहे. एकावर एक रचल्यासारखे दिसणारे प्रचंड गोल धोंडे, त्यांच्यामधून तांबडी, विरळ माती, आणि खाली अभेद्य खडक, असा हा प्रदेश. येथे पाणी जिरते थोडे आणि वाहून जाते फार. वर्षाचे पाणी मोजक्या दिवसांत पडावयाचे आणि पडलेले पाणी जमिनीत न मुरता निघून जावयाचे, या दुहेरी अडचणीवर तेलंगणाच्या लोकांनी शतकानुशतके एकच उत्तर दिले : उतारावर बांध घालावा आणि पाणी अडवावे. काकतीय राजांच्या काळापासून या प्रदेशात तलावांच्या साखळ्या बांधल्या गेल्या. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून त्याच्या खालच्या तलावात, अशी ही व्यवस्था असे. मोठ्या तलावाला तेलुगूत चेरुवू म्हणतात, लहानाला कुंटा, आणि बांधाला कट्टा. बांधाचे रक्षण करणारी देवता ती कट्ट मैसम्मा. तिची लहानशी देवळे तलावांच्या काठी आजही दिसतात.

हैदराबाद नगराची स्थापना मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली केली, हे सर्वश्रुत आहे. पण हुसेनसागर तलाव त्याच्या पित्याच्या, म्हणजे इब्राहीम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२-६३ च्या सुमारास बांधला गेला होता, ही गोष्ट तितकी ध्यानात घेतली जात नाही. तलाव आधी झाला, चारमिनार मागाहून आला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम तलाव झाला. एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी पाण्याच्या दाबाला पाठ देऊन उभ्या केलेला त्याचा बांध आजही स्थापत्यशास्त्राच्या अभ्यासकांना आकर्षित करतो. सारांश, तलाव हे या नगराचे केवळ भूषण नव्हते. येथील हवामान समजून घेतल्याचा तो दगडमातीत लिहिलेला पुरावा होता.

या व्यवस्थेची कठोर परीक्षा २८ सप्टेंबर १९०८ रोजी, हस्त नक्षत्राच्या आरंभीच झाली. मुशी नदी नगराच्या पश्चिमेस विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते आणि शहराच्या मधून वाहत जाऊन शेवटी कृष्णेला मिळते. त्या दिवशी तिच्या खोऱ्यात असाधारण वृष्टी झाली. खोऱ्यात आठशेच्या आसपास लहानमोठे तलाव होते. त्यांतील दोनशेहून अधिक फुटले. वरच्या तलावाचा लोंढा खालच्या बांधावर आदळावा आणि तोही फुटावा, असे होत होत नदी शहरात शिरली. अफझलगंज, चादरघाट या भागांत हाहाकार उडाला. पूल वाहून गेले. १५७८ सालचा पुराना पूल मात्र टिकून राहिला. मृतांची संख्या १५,००० च्या आसपास असावी असा अंदाज दिला जातो. नदीकाठच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे बचावली. तो वृक्ष आजही त्या आपत्तीचे स्मारक म्हणून दाखविला जातो.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या प्रलयानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांनी खोऱ्याचा, पावसाचा आणि फुटलेल्या तलावांचा बारकाईने अभ्यास करून शहराच्या वरच्या अंगास दोन मोठे जलाशय बांधण्याची योजना मांडली. तदनुसार मुशीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिची उपनदी ईसा हिच्यावर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पुराचे पाणी रोखून धरावयाचे आणि तेच पुढे पिण्यास पुरवावयाचे, असा या योजनेचा दुहेरी हेतू होता. जे पाणी सप्टेंबरात संहार करते तेच मेमध्ये प्राण वाचवू शकते, हे या भूमीच्या ऋतुमानाचे मर्म त्यात अचूक पकडलेले होते.

पुढे परिस्थिती पालटली. नगराची तहान वाढली आणि मंजिरा, कृष्णा व गोदावरी यांचे पाणी नळांनी आणावे लागले. या तिन्ही नद्यांचा उगम महाराष्ट्रात आहे : मंजिरेचा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात, कृष्णेचा महाबळेश्वरी, गोदावरीचा त्र्यंबकेश्वरी. सह्याद्रीवर थांबलेला जो पाऊस आकाशमार्गे हैदराबादला येऊ शकत नाही, तो अशा रीतीने घरोघर येऊन पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की जवळच्या तलावांची कोणाला गरज वाटेनाशी झाली. पाण्यासाठी ज्याच्याकडे पाहावे लागत नाही, त्याच्याकडे जमीन म्हणूनच पाहिले जाते. तलाव आटले, बुजले, त्यांच्या पोटात वस्त्या उभ्या राहिल्या. मासाब टँक या नावाच्या भागात आज तलाव नाही. नल्लकुंटा म्हणजे काळे तळे, हे तेथे राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊकही नसेल. नावे उरली, पाणी गेले.

पावसाने मात्र आपला स्वभाव बदलला नाही. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेठेत चोवीस तासांत २४ सेंटिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि सखल भाग पाण्याखाली गेले. १३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी उपसागरावरील तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने काकीनाड्याजवळ किनारा ओलांडला आणि ते तेलंगणाकडे सरकले; त्या चोवीस तासांत बेगमपेठेत सुमारे १९ सेंटिमीटर, तर पूर्वेकडील घटकेसर येथे ३२ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. सूर्य चित्रा नक्षत्रात होता. काही तलावांचे बांध फुटले. अनेक वस्त्यांत कित्येक दिवस पाणी साचून राहिले. पुष्कळ माणसे दगावली. १९०८ साली मुख्यतः नदीने शहर बुडविले होते. या वेळी पाणी बहुधा तेथेच साचले, जेथे पूर्वी तलाव होते किंवा तलावातून तलावाकडे जाणारे ओढे होते. उताराने पाण्याला आपली जुनी वाट बरोबर दाखविली.

या नगरीतील सण पाहिले, तर लोकांना ही ऋतुगती किती सूक्ष्मपणे उमगली होती हे दिसते. आषाढात बोनालू येतो. गोवळकोंड्यापासून आरंभ होऊन पुढे सिकंदराबाद आणि जुन्या शहरात स्त्रिया डोक्यावर नैवेद्याची मडकी घेऊन देवीला जातात. पाऊस लागला आहे, रोगराईचे दिवस आहेत, तेव्हा रक्षण कर, असे त्यात मागणे असते. भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा सुरू होतो. पावसाच्या अखेरीस माळांवर फुलणारी तरवडाची पिवळी फुले, कुर्डू, झेंडू यांचे थर रचून त्यांभोवती स्त्रिया फेर धरतात आणि शेवटी ती फुले तलावात सोडतात. तलाव भरलेला असल्याखेरीज हा सण पुरा होऊ शकत नाही. त्याच सुमारास मराठी घरांतून हादगा मांडला जातो. पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, हस्त म्हणजे जाता जाता भरभरून देणारा पाऊस. दोन भाषांच्या स्त्रिया एकाच ऋतूभोवती फेर धरतात, आणि तो ऋतू येथे पूर्वेकडून येतो.

हैदराबादचे वर्ष सहा ऋतूंत बसत नाही, आणि कोकणच्या पावसाळ्याचे मापही त्याला लागू पडत नाही. लांबलेला उन्हाळा, लहरी पावसाचे तीन महिने, त्यानंतर उपसागराच्या मर्जीवरचे काही आठवडे आणि शेवटी अल्पकाळाची गोड थंडी, असा त्याचा खरा क्रम आहे. यांतील सर्वांत धोक्याचा आणि सर्वांत उपकारक काळ हस्त-चित्रांचा. कारण पुढच्या उन्हाळ्याचे भांडवल तेव्हाच जमा होते किंवा तेव्हाच सारे उधळून जाते. कुतुबशाही कारागिरांनी आणि विश्वेश्वरय्यांनी हे ओळखले होते. २०२४ साली तलावांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी हैड्रा नावाची स्वतंत्र यंत्रणा नेमण्यात आली. तिच्या कामाविषयी मतभेद असतील, परंतु तिची गरज भासावी एवढेच पुरेसे बोलके आहे. जे मराठी कुटुंब आज या नगरीत घर घेण्याच्या विचारात असेल, त्याने दिशा, वारा आणि उजेड यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : या जागेचे जुने नाव काय, आणि त्या नावात एखादा कुंटा किंवा चेरुवू दडलेला तर नाही ना.